गच्चीवरचं पिवळं पातळ

आमच्या घरात पिवळा कपडा गच्चीवर वाळत घालत नाहीत. हळदीचं फडकं असो की सुनेचा गाऊन, पिवळं असलं की ते आतल्या व्हरांड्यात, पंख्याखाली. सून रायपूरचीच आहे. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं पिवळी ओढणी वर टाकली, आणि मी खालून अशी ओरडले की बिचारीच्या हातातला चिमट्यांचा डबा सुटला. "मम्मी, पीला ही क्यों नहीं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मनूभैया घर चुकेल." तिला वाटलं, सासू हललेली आहे. वाटू दे. पहिल्या आठवड्यात सुनेला एवढं तरी वाटायलाच पाहिजे.

मनूभैया म्हणजे समोरच्या घरातला मनोहर. बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, समोरासमोर, त्यांचं आणि आमचं. मधे जागा एवढीच की सायकल रिक्षा आली तर पायी चालणाऱ्यानं ओट्यावर चढावं. त्यांच्याकडे चौघं. काका रेल्वेत, गुढियारीकडच्या मालधक्क्यावर बाबू. काकू घरात. मनोहर थोरला, आणि त्याच्या पाठची मालू, माझ्या वर्गातली. मनोहर हवाई दलात गेला, बॉम्बर विमानात नॅव्हिगेटर झाला, आणि एकाहत्तरच्या लढाईत विमान घेऊन गेला तो आलाच नाही. चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. मी आता सत्तरी ओलांडली, माझा नातू कॉलेजात आहे. तरी तोंडातून 'मनूभैया'च निघतं. नातवाहून थोड्याशा मोठ्या पोराला भैया म्हणणारी म्हातारी साऱ्या रायपुरात मीच असेन.

त्यांच्या बैठकीत त्याचा फोटो आहे. परवापरवापर्यंत त्याला हार नव्हता. टोपी, टाय, छातीवर एकाच पंखाचा बिल्ला. "पायलटले दोन पंख, मले एक," तो सांगायचा, "म्हणून एकट्यानं उडता येत नाही." फोटोतला माणूस चांगला भारदस्त दिसतो, लग्नाला उभा केल्यासारखा. खरा मनूभैया तसा मुळीच नव्हता. नुसता काड्यांचा, कान पुढं आलेले, आणि घरी आला की पायात चप्पल नाही.

त्याची जागा म्हणजे गच्चीचा कठडा. त्यावर तो पालथा पडायचा, हनुवटी विटांवर, हात खाली लोंबते, तोंडात सीताफळ. खालून कोणी गेलं की डोक्यावर बी. थुंकायचा नाही हं, हातात घेऊन नुसती सोडायचा. "थुंकून काय, कोणीही मारते," म्हणायचा. "सोडून लागली पायजे." माणूस किती झपाझप चालतो, बी खाली पोचायला किती वेळ लागतो, दोघांची गाठ कुठं पडेल, ते सगळं त्याच्या डोक्यात चाललेलं असे. आमच्या टकल्या पोस्टमनला त्यानं इतकं छळलं की तो बिचारा ऐन उन्हाळ्यातही गल्लीत छत्री उघडूनच शिरायचा. पुढं सरकारनं त्याला पगार देऊन हेच काम करायला लावलं. तेव्हा आम्हाला याचं हसू यायचं.

दुसरी खोड दिशांची. डावं-उजवं त्याच्या तोंडी नव्हतंच. "मालू, लोणचं जरा पूर्वेला सरकव." "शैला, तुझी वेणी पश्चिमेकडून सुटून राहिली." काकू कावायची, "अरे बाप्पा, माणसासारखं बोल ना!" जेवायला बसलं की पानाबाहेर भाताची शितं ठेवतात ना, चित्राहुती, ती काका उजव्या हाताला नीट ओळीनं ठेवायचे. हा पानाच्या चार बाजूंना चार ठेवायचा, उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम, आणि मगच घास घ्यायचा. काका डोळे वटारायचे. "देवाले समजलं पायजे ना बाबा, कुठून यायचं ते," हे याचं उत्तर. काकांना हसू आवरायचं नाही, मग ते उगाच ठसका लागल्यासारखं करायचे.

आणि एवढा दिशांचा पंडित आम्हा सगळ्यांना घेऊन वाट चुकला! कार्तिकी पुन्नीला, म्हणजे पौर्णिमेला, खारून नदीवर महादेवघाटाचा मेळा भरतो. दोन्ही घरची बायकामुलं पहाटेच्या स्नानाला बैलगाडीनं निघालो होतो. धुकं असं की बैलांची शिंगं दिसेनात. गाडीवान छत्तीसगढी म्हातारा, तो म्हणाला, बैलांना वाट ठाऊक आहे, कासरा ढिला सोडा आणि गप बसा. पण मनूभैयाला कुठला धीर! त्यानं बोट ओलं करून वारा पाहिला, "हव, ऐसे चलो" म्हणून म्हाताऱ्याच्या हातातला कासरा घेतला, आणि उजाडलं तेव्हा आमची गाडी भलत्याच गावात एका घराच्या अंगणात उभी. घरची बाई सडा टाकत होती. तिनं काही न विचारता आम्हाला बसवलं आणि चुलीवरचे गरम फरे, तांदळाच्या उकडलेल्या वळकट्या, खायला दिले. स्नानाची वेळ टळली म्हणून काकू कपाळाला हात लावून बसली होती. हा मात्र फरा चघळत म्हणतो, "आई, वाट चुकली म्हणजे फक्त उशीर होते. घर काही पळून जात नाही." गाडीवान म्हातारा एवढा हसला की त्याची विडी पडली. मीही हसले होते. पुढं हेच वाक्य काकूच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं, की नको नको झालं.

हवाई दलात गेल्यावर एकदा सुटीवर आला तेव्हा काकूला सांगून गेला, "पुढच्या महिन्यात आमची लांबची फेरी आहे, रायपूरवरून जाऊ. मी विमानाच्या नाकात काचेपाशी पालथा पडलेला असतो. गच्चीवर पिवळं पातळ टाक. पिवळं वरून दिसते. घर ओळखतो मी."

काकूकडे हळदी रंगाचं एक पातळ होतं. ती गोष्ट तिनं फक्त माझ्या आईला सांगितली. माझ्या आईनंही फक्त शेजारच्या सराफीणबाईंना सांगितली. झालं! दुसऱ्या दिवशी अख्ख्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं, एकमत, की इतक्या उंचावरून एक पातळ काय कपाळ दिसणार. पोट्टा आपला आहे, मदत करायला पाहिजे. सराफीणबाईंनी दोन टाकली. आमच्या आईनं स्वतःचं टाकलं, वर माझी ओढणी. पंडितजींच्या सुनेनं पिवळा पडदा काढून टाकला. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्यानं तर पिवळ्याचा अख्खा तागा गच्चीभर पसरला. विमान आलं ते इतकं खालून, की गल्लीपलीकडच्या तलावावरची कबुतरं उडाली आणि आमच्या फळीवरची भांडी वाजली. काकू पदर पडला तरी दोन्ही हात हलवत होती. सगळेच हलवत होते.

दिवाळीच्या आधी तो आला. काकूनं हातावर गुळपाणी ठेवायच्या आतच विचारलं, "घर दिसलं का रे?" तो ओट्यावरच बसला आणि पोट धरून हसला. "आई, पारा सगळा पिवळा! पायलट विचारून राहिला, तुझं घर कोणतं. मी म्हटलं, सगळेच."

काकूचा चेहरा उतरला. "म्हणजे मी दिसली नाही तुले?"

"दिसली ना. सगळ्या गच्च्यांवर एक एक आई हात हलवून राहिली होती."

शेवटचा आला तो एकाहत्तरच्या दिवाळीत. लढाई लागणार हे तेव्हा पानठेल्यावरचा पोऱ्याही सांगायचा. मनूभैया वाळला होता. कठड्यावर तसाच पालथा पडला, पण हातात सीताफळ नाही. पोस्टमन खालून गेला, सवयीनं त्यानं छत्री उघडली, वर पाहिलं, आणि काहीच पडलं नाही म्हणून बिचारा थांबून राहिला. मी आणि मालू चिवडा घेऊन वर गेलो. तो म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी काहून केलं ते? एकट्या आईचं पातळ असतं तर बरं झालं असतं."

मालू म्हणाली, "दुसऱ्यांनी टाकली त्याले आम्ही काय करावं?"

"तसं नाही, मालू. वरून गाव कोणतंही असो, सारखंच दिसते. नदी, तलाव, गच्च्या. आता कुठल्याही गावावरून गेलं तरी मले वाटते, खाली कोणी तरी हात हलवून राहिलं." मग म्हणाला, "आम्ही अंधारात जातो. दिसत नाही. बरं आहे."

मला ते ऐकवेना. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, आणि विचारायला मला नेमकं हेच सुचलं, की विमान पडायला लागलं तर काय करता. तो उठून बसला. आता त्याच्या आवडीचा विषय निघाला होता. "पायलटची खुर्ची छत्रीसकट बाहेर उडते. माझी नाही उडत. मले सरकत दारापाशी जाऊन उडी मारा लागते, चालत्या रिक्षातून उतरतात तशी."

"वेळ मिळते?" मालूनं विचारलं.

"रिक्षा हळू असली तर मिळते." मग त्यानं आम्हा दोघींच्या वेण्या धरून ओढल्या. "आईले सांगितलं तर पाहा."

आम्ही सांगितलं नाही. कधीच नाही.

भाऊबीजेला मालूनं ओवाळलं तेव्हा त्यानं तबकात पातळ ठेवलं. सुती, बारीक जरीचं, पिवळंधम्मक. मालूचा चेहरा फुलला. तर हा म्हणतो, "आईचं विरून गेलं. पुढच्या खेपेला हे टाकजो गच्चीवर. अन् एकटंच टाक माय, पाऱ्यात सांगू नको."

"नेसायले दिलं की वाळत घालायले?" मालू फणकारली.

"आधी टाक. मी वरून पाहतो. मंग नेस."

डिसेंबरात तार आली, बेपत्ता म्हणून. नंतर एक अधिकारी येऊन बसले. फार सज्जन मनुष्य. त्यांनी सांगितलं, विमानाला आग लागलेली मागच्या विमानातल्यांनी पाहिली. अंधार होता, पण एक छत्री उघडल्यासारखी वाटली. पायलटचाही पत्ता नाही.

"तो माझा," काकू म्हणाली. "छत्रीवाला माझा मनू."

मालूनं माझ्याकडे पाहिलं. एक छत्री. आम्हा दोघींना ठाऊक होतं ती कोणाची असणार. मालू उठून आत गेली आणि पाणी घेऊन आली, आणि तिनं ते आईला न देता स्वतःच पिऊन टाकलं.

लढाई संपली. कैदी परत आले तेव्हा काकू रेडिओला कान लावून बसायची. त्यात त्याचं नाव आलं नाही. पुढं वर्षानुवर्षं अफवा यायच्या, की आपली काही माणसं अजून तिकडच्या तुरुंगात आहेत. आली अफवा की काकू उजळायची. "उशीर होते," म्हणायची. "घर पळून जात नाही." आणि रोज सकाळी ते हळदी पातळ गच्चीवर टाकायची, दिवेलागणीच्या आत उतरवून घडी करायची. पावसाळ्यात उघडीप पडली की धावत वर. मालूनं भावाचं नवं पातळ काढून दिलं तर म्हणाली, "नवं कायले उन्हात मारतेस? ते तो आला की नेस."

आता पाऱ्याची गोष्ट सांगते. कोणी दवंडी पिटली नाही, कोणी कोणाला बोललं नाही. पण महिन्या-पंधरा दिवसांत आमच्या पाऱ्यातल्या गच्च्यांवरून पिवळं नाहीसं झालं. सराफीणबाईंच्या मुलीच्या लग्नात हळदीचे कपडे न्हाणीघरात वाळले आणि त्यांना कुबट वास आला. रंगाऱ्यानं पिवळे तागे मागच्या अंगणात, झाडाखाली वाळवायला सुरुवात केली. सावलीत ते लवकर वाळत नाहीत, त्याचं नुकसान व्हायचं. एकदा आपण त्याला घर चुकवलं होतं, पुन्हा नको, एवढंच सगळ्यांच्या मनात. एकही शहाणा असं म्हणाला नाही, की बाई, तो येणार नाही आहे. मला आमच्या पाऱ्याचा अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी सगळ्यांना धरून हलवावंसंही वाटतं. कारण त्या एका पातळाखाली मालूचा जन्म गेला.

दुसऱ्या वर्षी पितृपक्षात काकांनी भटजींना विचारून मुलाचं पान मांडलं. जे शस्त्रानं गेले त्यांचं श्राद्ध घातचतुर्दशीला करतात. काकू स्वयंपाकघरातून आली, पानाकडे पाहिलं, आणि भातासकट ते पालथं घातलं. "जित्या पोराचं पान मांडता?" भटजी चांगले होते. म्हणाले, परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे. काकूनं ती बारा वर्षं पदरात बांधली, आणि बारा संपली तेव्हा म्हणाली, "मंग? अजून पाहू." काका तोवर गेले होते. त्यांना अग्नी पुतण्यानं दिला, आणि क्रिया चालली असताना काकू सगळ्यांना बजावत होती, "मुलगा परगावी आहे, म्हणून पुतण्या बसला."

आणि मालूचं लग्न! स्थळं काय कमी आली? नागपूरहून आली, बिलासपूरहून आली. एक तर इथलाच, कॉलेजात शिकवणारा, मालूला पसंत होता. मला ती त्याचं नाव घेताना कशी व्हायची ते ठाऊक आहे. प्रत्येक वेळी काकूचं एकच. "नवरदेवाचा कान कोण पिळंल? कानपिळीले भाऊ पायजे." चुलतभाऊ पिळतो म्हणाला, मामेभाऊ म्हणाला, माझा नवरा म्हणाला मी पिळतो, वाटलं तर दोन्ही पिळतो. काकू ऐकेना. दुसऱ्याला कानाला हात लावू देणं म्हणजे मनू गेला असं कबूल करणं. मी एकदा भांडले. "काकू, तो आला तर म्हाताऱ्या मालूचं लग्न लावेल का?" काकू म्हणाली, "शैले, तुले भाऊ नाही, तुले नाही समजत." खरंच, मला भाऊ नाही, म्हणूनच माझा नवरा घरजावई होऊन या गल्लीत राहिला. मी चार महिने काकूशी बोलले नाही. मालू बोलत राहिली. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, सकाळी आईचं पातळ वर टाकून निघायची. मला काकूचा राग येतो, अजूनही येतो. आणि मनूभैयाचाही येतो. 'घर पळून जात नाही' म्हणे! घर नाही पळत, पण घरातली माणसं त्याला बांधलेली राहतात, ते कोण सांगणार?

काकू जाताना मालूचा हात धरून म्हणाली, "पातळ उतरवू नको." मालूनं मान हलवली. तिचीही वर्षं मग तशीच गेली. एक पिवळं विरलं की दुसरं आणायचं. पाऱ्यातली जुनी माणसं गेली, खाली दुकानं आली, वर नवे भाडेकरू आले. ते हवं ते रंग वाळत घालतात, त्यांना काय ठाऊक. पाळणाऱ्या आम्ही दोन-तीन घरं उरलो.

या वर्षी पावसाळ्यात मालू जिन्यावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला. त्यांच्याकडे काम करणारी फुलबाई पातळ टाकू-काढू लागली. मी रोज जाऊन बसायचे. एक दिवस मालू पलंगावरून फोटोकडे पाहत म्हणाली, "शैला, तो जित्ता असंल तर पंच्याहत्तरीच्या पुढं असंल. अन् मेला असंल तर..."

"तर काय?"

"तर इतकी वर्षं उपाशी आहे तो. पाण्याचा एक थेंब नाही दिला आपण त्याले. माझ्यामागं कोण देईल?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या दिवशी घरी येऊन माझ्यानं जेववलं नाही.

"अन् आईले दिलेला शब्द?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"आईले छत्रीच ठाऊक होती," मालू म्हणाली. "खुर्चीचं मले ठाऊक आहे. आईनं वाट पाहिली ती खरी पाहिली. मी नुसतं पातळ टाकून राहिली."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती हे बोलली. मी तिचा हात धरून बसले. आम्ही दोघी रडलो, सरळ पोरींसारख्या.

गुरुजी तरुण आहेत, मोबाइलवर पंचांग पाहतात. मालूला वाटलं होतं, बाईमाणूस म्हणून नाही म्हणतील. ते म्हणाले, "ताई, देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. तुमचं लग्न झालेलं नाही ना? मग गोत्र तेच आहे. तुम्हीच करा." मालू माझ्याकडे पाहून हसली. असलं हसू कोणाच्या वाट्याला येऊ नये. लग्न झालं नाही, म्हणून ती त्याला पाणी द्यायला उरली होती.

फुलबाईनं तिच्या गावाहून परसाची पानं आणली, म्हणजे पळसाचीच. महादेवघाटावर गुरुजींनी त्यांचा माणूस मांडला. डोकं, हात, पाय. मालू खुर्चीवर बसून एकेक पान हातात देत होती. मधेच म्हणाली, "गुरुजी, पालथा नाही का ठेवता येणार?" गुरुजी गोंधळले. मी म्हटलं, "मालू!" ती म्हणाली, "तसाच असायचा ना तो." गुरुजींनी तो उताणाच ठेवला, शास्त्र शास्त्र असतं. पानं ओली होती, पेटायला वेळ लागला.

मग पितृपक्षातली चतुर्दशी आली. मी मालूला घ्यायला गेले, तर ती ट्रंकेतलं भाऊबीजेचं पातळ नेसून तयार. घड्यांवर विरलेलं, पण रंग तसाच धम्मक. गुरुजी घाटावर दबकत म्हणाले, "ताई, आज साधं पांढरं चाललं असतं." मालू म्हणाली, "माझ्या भावानं दिलं आहे. नेसायचं राहून गेलं होतं." फुलबाईनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि तिनं गुडघाभर पाण्यात उभं राहून तीळ सोडले. निऱ्या भिजून चिखलानं भरल्या.

घरी येऊन तिनं पान वाढलं. गोळाभात, कढी, वडे, खीर. सगळं वाढून झाल्यावर भाताची चार शितं उचलली आणि पानाच्या चार बाजूंना ठेवली. मला विचारलं, "उत्तर इकडंच ना?" मी म्हटलं, "हो." मी काय सांगणार, मला डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. कावळ्याचं मला विचारू नका. मी तिकडे पाहिलंच नाही.

उन्हं उतरायच्या आत मालू काठी टेकत गल्ली ओलांडून आमच्याकडे आली. काखेत धुऊन पिळलेलं पिवळं पातळ. "आमच्या दोरीवरचं आज उतरवलं फुलबाईनं," ती म्हणाली. "आता टाकायचं नाही. हे ओलं आहे, तुझ्या गच्चीवर टाक."

"व्हरांड्यात टाकते ना, पंख्याखाली," मी म्हटलं.

"नाही. गच्चीवर. आता चालते."

सून चिमट्यांचा डबा घेऊन माझ्यामागं वर आली. "मम्मी, ये तो पीला है," ती म्हणाली. "हव," मी म्हटलं, आणि तिला खाली पाठवली.

समोरची दोरी रिकामी होती. ती तशी मी कोरड्या दिवशी कधी पाहिलीच नव्हती. पातळ पसरलं, चिमटे लावले. टाक्यांच्या आणि टॉवरच्या मधून तलावाचा कोपरा अजून दिसतो. एकाहत्तरच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनूभैया तिथंच वळला होता. काकू दारात दह्याचा हात घेऊन उभी होती, मी आणि मालू वर त्यांच्या कठड्याशी. कोपऱ्यावर त्यानं रिक्षा थांबवली, पाय ठेवायच्या फळीवर उभा राहिला, डोळ्यांवर हात धरला. सूर्य आमच्या पाठीशी होता, त्याला आम्ही दिसत नव्हतो. तो ओरडला, "मालू! दक्षिणेला सरका! दिसत नाही तुम्ही!" आम्हा पोट्ट्यांना दक्षिण कुठं ते कुठलं ठाऊक! आम्ही हसत हसत भलत्याच टोकाला पळालो. तो दोन्ही हातांनी खुणा करत होता, नाही, नाही, तिकडे. आम्ही उलट्या पळत दुसऱ्या टोकाला येईस्तोवर रिक्षा वळून गेली होती.

दक्षिण कुठं ते मला आता ठाऊक आहे. मी चिमटे काढले, पातळ दोरीवरून पार दक्षिणेच्या टोकापर्यंत सरकवत नेलं, आणि पुन्हा लावले.